सणसरच्या विहिरीतले जास्तीचे एकशे एकतीस

१

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता, संगणकाच्या म्हणण्याप्रमाणे, सणसरच्या सारजाकाकींच्या विहिरीचं पाणी जमिनीखाली दोन हजार पाचशे त्र्याहत्तर फुटांवर गेलं.

आता ही विहीर खणताना साठ फुटांवर काळा पाषाण लागला आणि खणणारे कपाळाला हात लावून घरी गेले, हे सणसरात कुणीही सांगेल. अडीच हजार फूट म्हणजे थट्टाच झाली. पण समिना तांबोळीला हसू येईना. तिनं फाईल पुन्हा वाचायला लावली. पुन्हा तेच. २५७३, मग ३३२८, मग एकदम शहाण्यासारखा १०, की पुन्हा २५७३.

बारामती एमआयडीसीत, एका पत्र्याच्या शेडमागे तीन खोल्यांत भूजल अभ्यास केंद्र चालायचं. माणसं चारच. इंदापूरची समिना संख्याशास्त्राची पदवी घेऊन इथं लागली, आणि सोळा ऑक्टोबरपासून सारजाकाकींच्या विहिरीतलं मोजणीयंत्र तिच्या ताब्यात आलं. यंत्राचं काम सरळ होतं. दिवसातून चार वेळा पाणी किती फुटांवर आहे ते बघायचं, आकडा ऑफिसला पाठवायचा आणि स्वतःजवळचा पुसून टाकायचा. आकडे इथं एका बायनरी फाईलमध्ये साठायचे. म्हणजे ना अक्षरं ना ओळी, नुसते संगणकाला कळणारे आकडे, एकामागे एक. 'आर' नावाच्या संख्याशास्त्राच्या भाषेतून ती फाईल वाचायची, आलेख काढायचा, झालं.

गेल्या उन्हाळ्यात केंद्रानं विहिरीजवळच्या ओढ्यात पाणी जिरवायचं काम केलं होतं. त्यानं विहिरीचं पाणी वर आलं का, एवढाच प्रश्न होता. आणि परवाच्या शुक्रवारी समिनानं फाईल वाचून सगळ्यांना आनंदानं सांगितलं होतं, "पाणी दहा फुटांवर आलंय!" पडद्यावर पाहिलं, सांगितलं आणि घरी गेली. कागदावर उतरवून ठेवायचं काही तिला सुचलं नाही.

केंद्राचे प्रमुख आनंद सर तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"सोळा ऑक्टोबरपर्यंत फाईल ठणठणीत," ते म्हणाले. "सोळालाच तू चार्ज घेतलास. सतरापासून सगळा गोंधळ."

"सर, शुक्रवारी मी स्वतः दहा पाहिले होते."

"तू पाहिलेस. आणखी कुणी?"

समिनानं फाईल तिसऱ्यांदा वाचायला लावली.

"येत्या शुक्रवारी समिती येतेय. पुढच्या सात गावांत हे काम करायचं की नाही, ते ठरवणार. त्यांना मी काय सांगू? आकडे चांगले दिसावेत म्हणून कुणीतरी हात घातला आणि तोही धड घालता आला नाही, असंच ते म्हणतील. गुरुवारपर्यंत खुलासा दे. नाहीतर अहवालात तुझं नाव घालावं लागेल."

नाव घालायचं म्हणजे काय, ते समिनाला नीट कळलं. ज्या मुलीनं एकदा आकडे बनवले, तिला आकड्यांचं काम आयुष्यात पुन्हा कोण देणार?

२

मंदाकिनी बाईंनी बारामतीच्या कॉलेजात चौतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. आता चौऱ्याहत्तरीत त्या वालचंदनगरला मुलाच्या क्वार्टरमध्ये राहत, आणि जुने विद्यार्थी, किंवा समिनासारखे त्यांच्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थी, आले की त्यांच्याकडून हटकून काहीतरी काम करून घेत. समिना दुपारी पोचली तेव्हा बाईंनी तिच्यापुढे मटाराची परात सरकवली.

"सोलता सोलता बोल. रडायचं असेल तर आधी रडून घे, दाणे खारट व्हायला नकोत."

समिना रडली नाही, पण सांगताना तिचा आवाज दोनदा फुटला. बाई शेंगा सोलत ऐकत होत्या. शेवटी विचारलं, "फाईल केवढी आहे?"

"म्हणजे?"

"अगं, आकारानं केवढी? किती बाइट?"

समिनानं लॅपटॉप उघडून पाहिलं. "पाच हजार नऊशे एकोणऐंशी."

"आणि असायला हवी किती?"

हा प्रश्न समिनाच्या डोक्यातच आला नव्हता. बाईंनी परातीतले दाणे बाजूला करून बोटानं गणित मांडलं. "एक डिसेंबरपासून ही फाईल बंद झाली त्या तीस नोव्हेंबरपर्यंत, दोन वर्षं. दिवस किती?"

"सातशे तीस."

"मध्ये लीप वर्ष आलं, बाई माझे. सातशे एकतीस. दिवसाला चार नोंदी. एका नोंदीला फाईलमध्ये दोन घरं, म्हणजे दोन बाइट. कर गुणाकार."

"पाच हजार आठशे अठ्ठेचाळीस."

प्रत्येक नोंदीला दोन घरं, म्हणजे बेरीज सम यायला हवी. फाईलची तर चक्क विषम होती. समिनाच्याही ते लक्षात आलं.

"यंत्राचं काही जास्तीचं आलं असेल?" तिनं विचारलं.

"यंत्र पाठवतं ते जोडीनं पाठवतं. विषम कसं होईल?" बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. त्यांचे डोळे चमकत होते, आणि खरं सांगायचं तर या वयात असं काही हाती लागलं याचा त्यांना भारी आनंद झाला होता. "चोरी झाली की वस्तू कमी होते, समिना. कुणी आकडे बदलले तर जुन्याच्या जागी नवा बसतो, फाईल तेवढीच राहते. तुझी फाईल वाढलीय. एकशे एकतीस घरं कुणीतरी आत घुसवलीत. उद्या मला ऑफिसला घेऊन चल."

३

फाईल शेवटची कधी बदलली ते संगणकानं लगेच सांगितलं. शनिवार, सकाळी अकरा चाळीस. पण कुणी बदलली, ते सांगेना. कारण सगळ्यांचं एकच नाव, एकच पासवर्ड, आणि तोही एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलेला.

"धन्य आहात," बाई म्हणाल्या. "शनिवारी कोण कोण होतं?"

"सगळेच. मी, सर, कुशल आणि आसावरीताई."

कुशल यंत्रं बसवायचा. समिनाच्या आधी विहीर त्याच्याकडे होती, आणि ती काढून घेतल्याचा राग त्यानं लपवलेला नव्हता. मंगळवारी बाई त्याच्यासमोर बसल्या तेव्हा तो स्क्रूड्रायव्हर बोटांत फिरवत होता.

"मी कशाला हात लावू? माझी दोन वर्षांची मेहनत आहे त्यात, बाई. शनिवारी मी पार्किंगमध्ये बॅटऱ्या चार्ज करत होतो. काल समिनानं दाखवलं तेव्हाच पाहिलं. आकडे पिसाळलेले. आठवतंय ना, अठ्ठावीसशे सोळा फूट, तीन हजार बहात्तर फूट."

बाईंनी ते दोन्ही आकडे वहीत टिपले. मग क्षणभर थांबून दोन्हींना दोनशे छप्पन्ननं भागलं. अकरा आणि बारा. पूर्ण भाग गेला.

आसावरी अहवाल लिहायची. ओढ्यातल्या कामाचा काही उपयोग होणार नाही, असं तिनं मे महिन्यातच लेखी दिलं होतं, म्हणजे पाणी खरोखर वर आलं असतं तर तिचीच पंचाईत.

"हो, मी विरोधात होते," ती तडक म्हणाली. "पण चुकले तर चुकले म्हणेन, त्यासाठी फाईल कशाला बिघडवू? शनिवारी मी अहवालाचं दुसरं प्रकरण लिहीत होते. हा आलेख मी काल पाहिला. सपाट चाललेली रेघ एकदम टॉवरसारखी उभी."

शेवटी आनंद सरांची खोली. सर तर बाईंचेच विद्यार्थी, पस्तीसेक वर्षांपूर्वीचे. ते समितीला पत्र लिहीत होते, एका जुन्यापुराण्या प्रोग्राममध्ये. तो त्यांच्याच संगणकावर होता आणि बदलायला ते तयार नव्हते. बाई आल्या तसे ते उठून उभे राहिले.

"बाई, तुम्हाला त्रास दिला तिनं."

"मला काही त्रास नाही. तू सांग, तुझा समिनावर का संशय?"

"दुसरं काय म्हणू? ती सांगते दहा फूट, आणि फाईल उघडली तर नुसते चौकोन, फुल्या, उलटीसुलटी चिन्हं. अशा फाईलमध्ये हिला दहा दिसले कुठं?" बोलता बोलता सरांनी पत्राची एक ओळ पुरी केली आणि दोन बोटांनी दोन कळा दाबल्या. "मला वाईट वाटतंय, बाई. पोरगी हुशार आहे. पण समितीपुढे मी कुणाला पाठीशी घालू शकत नाही."

बाहेर आल्यावर समिना हिरमुसून म्हणाली, "तिघंही खरंच बोलल्यासारखं वाटतंय."

"तिघंही खरंच बोलले," बाई म्हणाल्या. "आणि त्यातल्या एकानं आपणच केलं असंही सांगून टाकलं. त्याला बिचाऱ्याला पत्ता नाही."

४

"कोण?" समिनानं सणसरपर्यंतच्या वाटेवर चार वेळा विचारलं. बाई रिक्षातून बाहेर उसाकडे बघत राहिल्या. "आधी काय झालं ते कळू दे. कोण ते आपोआप येईल," एवढंच म्हणाल्या.

सारजाकाकी गोठ्यात शेण काढत होत्या. हात धुऊन आल्या, आणि बाईंना बघून डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मास्तरीणबाई व्हय? या की. ह्या पोरीला काय झालंय? तोंड का उतरलंय हिचं?"

"तुमच्या विहिरीचं पाणी अडीच हजार फूट खाली गेलंय म्हणे," बाई म्हणाल्या.

सारजाकाकींनी कमरेवर हात ठेवले. "आन् मग मी काल वरनं वाकून बघितलं ते काय व्हतं? माझं त्वांड दिसत व्हतं त्यात!"

"नीट आठवून सांगा काकी. पाणी वर कधी आलं?"

"दसरा झाला, त्याच्या चार-पाच दिसांनी. हितं आतल्या अंगाला एक कपार हाय, पारव्यांची. लगीन होऊन आल्यापास्नं ती कवा भिजलेली मी बघितली न्हाय. एक दिस सकाळी बघते तर पारवं वर येऊन बसल्याली. पाणी कपारीला टेकल्यालं."

"आणि किती दिवस तसंच होतं?"

"महिनाभर हाललं न्हाय बगा. आता वाईच खाली गेलंय, हातभर. आमी तर नारळ फोडला."

समिनानं टेप सोडून मोजलं. जमिनीपासून कपारीपर्यंत बरोबर दहा फूट. तिनं वर मान केली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिला ते पुसावंसंही वाटलं नाही. दोन दिवसांत पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या तरी सांगण्यातून दहा निघाले होते.

"दसऱ्यानंतर चार-पाच दिवस म्हणजे सतरा ऑक्टोबरच," ती म्हणाली. "बाई, मी खोटं बोलले नव्हते."

"ते मला कालच माहीत होतं. आता हे बघ. फाईल बिघडली तीही सतरा ऑक्टोबरपासून. म्हणजे ज्या नोंदीला विहिरीनं आयुष्यात पहिल्यांदा दहा म्हटलं, नेमकी तिथंच फाईल बिघडली." बाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. "त्याच्या आदल्या दिवशी तू चार्ज घेतलास, हा योगायोग. खरा गुन्हेगार हा दहाचा आकडा आहे."

सारजाकाकींना यातलं काही कळलं नाही. पण पोरीचं तोंड जरा उजळलं हे त्यांनी पाहिलं, आणि दोघींना चहा घेतल्याशिवाय त्या सोडायला तयार होईनात.

५

बुधवारी बाईंनी ऑफिसच्या दाराशी चौघांच्या चपला काढून एका रांगेत लावल्या. कुशल हसायला लागला, आसावरी दारात येऊन उभी राहिली.

"समिना, डावीकडून दोन-दोन उचलत चल. जोड बोल."

"कुशलचा जोड. आसावरीताईंचा. माझा. तुमचा."

"शाबास. आता ही." बाईंनी कोपऱ्यात पडलेली एक बिनजोडाची जुनी सपात आणून दुसऱ्या जोडानंतर ठेवली. "पुन्हा बोल."

"कुशलचा. आसावरीताईंचा. मग सपात आणि माझी डावी. मग माझी उजवी आणि तुमची डावी..." समिना थांबली. "बाई! एकच जास्तीची, आणि पुढचे सगळे जोड चुकले."

"तुझ्या फाईलमधल्या चपला कुणीही चोरलेल्या नाहीत. सगळ्या आहेत. नुसत्या सरकल्यात. दोन घरांतलं पहिलं घर साधं, दुसऱ्या घरातल्या आकड्याला दोनशे छप्पन्ननं गुणायचं, आणि दोन्हींची बेरीज करायची, अशी संगणकाची रीत. अकरा फूट पाणी असेल तर पहिल्या घरात अकरा, दुसऱ्यात शून्य. घरं एकानं सरकली की तो अकरा दुसऱ्या घरात जातो आणि अठ्ठावीसशे सोळा होऊन बसतो. कुशलनं सांगितलेला आकडा."

"पण जास्तीची चप्पल कुठली?" आसावरीनं विचारलं. तिलाही आता राहवेना.

"ते समिना सांगेल. आर उघड. फाईल वाचणाऱ्या रीडबिन आज्ञेला सांग, आकडे नकोत, नुसती घरं दे. जशी आहेत तशी."

समिनानं ओळ लिहिली. पडद्यावर घरं उमटली. सतरा ऑक्टोबरच्या आसपासची तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"बारा, शून्य. अकरा, शून्य. अकरा, शून्य. तेरा, दहा, शून्य. तेरा, दहा, शून्य..."

मग तिनं घाईघाईनं आणखी एक ओळ लिहिली. ज्या ज्या ठिकाणी तेराच्या लगेच पुढे दहा आहे, ती ठिकाणं मोज. उत्तर यायला क्षणही लागला नाही.

"एकशे एकतीस," ती पुटपुटली.

कुशलच्या हातातला स्क्रूड्रायव्हर फिरायचा थांबला होता.

"प्रत्येक दहाच्या आधी कुणीतरी एक तेरा घुसवलाय," समिना म्हणाली. "दुसऱ्या कशाला हातसुद्धा लावलेला नाही. फक्त दहा. पण असं कोण करेल? एकशे एकतीस वेळा?"

"माणूस नाही करणार. प्रोग्राम करेल. पत्रं लिहायचा जुना प्रोग्राम," बाई म्हणाल्या. "त्याला सगळं जग म्हणजे मजकूर. ओळ संपली की तो तिथं तेरा आणि दहा अशी जोडी लिहून ठेवतो, ही त्याची खूण. नुसता दहा दिसला की त्याला वाटतं, कुणीतरी अर्धवट खूण केलीय. मग सेव्ह करताना तो इमानेइतबारे आधी तेरा लावून देतो. विहिरीचं पाणी दहा फुटांवर आलंय, हे त्याला बापड्याला कुठून कळणार?"

समिनाला आता पुढचं आपोआप दिसायला लागलं, आणि ते इतकं छान होतं की ती खुर्चीतून उठलीच. "म्हणजे जास्तीची एकशे एकतीस घरं, म्हणजे एकशे एकतीस वेळा पाणी दहा फुटांवर होतं! चारनं भागलं तर जवळजवळ तेहतीस दिवस. सारजाकाकी म्हणाल्या, महिनाभर हललं नाही!"

"ज्यानं फाईल बिघडवली, त्यानंच तुझी साक्ष लिहून ठेवली," बाई म्हणाल्या. "आता ती दुरुस्त कर. मी सांगणार नाही. तुझं तू कर."

समिनानं केलं. खऱ्या नोंदींमध्ये प्रत्येक आकड्यापुढे शून्याचं घर असतं, म्हणून तेरा आणि दहा शेजारी येऊच शकत नाहीत, हे तिनं आधी दोनदा पडताळलं. मग दहाला चिकटलेले तेवढे तेरा काढले. जुनी फाईल तशीच ठेवून उरलेली घरं राईटबिननं नव्या नावाच्या फाईलमध्ये लिहिली. आकार पाहिला. पाच हजार आठशे अठ्ठेचाळीस. आलेख काढला. रेघ उन्हाळाभर चाळीस फुटांच्या आसपास रेंगाळली, मग हळूहळू वर चढली आणि दहावर येऊन टेकली.

आसावरी पडद्याजवळ आली. "चुकले," ती म्हणाली. "आणि मला फार बरं वाटतंय."

"अहो, पण केलं कुणी?" कुशल म्हणाला. "असा जुना प्रोग्राम आपल्याकडे..." आणि वाक्य पुरं न करता त्यानं आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

६

गुरुवारी सकाळी बाई आनंद सरांच्या खोलीत गेल्या. समिना मागे उभी राहिली. तिच्या हातात पेनड्राइव्ह होता आणि त्यात दुरुस्त फाईलची एक जादा प्रत.

"आनंद, मला एक सांग," बाई म्हणाल्या. "कुशलनं पाहिले आकडे. आसावरीनं पाहिली रेघ. चौकोन आणि फुल्या एकट्या तुला दिसल्या. कशात दिसल्या?"

"माझ्याच संगणकावर, बाई. शनिवारी." सर अवघडून हसले. "ही शुक्रवारी म्हणाली ना, दहा फूट. बारा वर्षं मी त्या ओढ्याच्या मागे आहे. मला आर-बीर येत नाही. वाटलं, तो दहाचा आकडा आपल्या डोळ्यांनी एकदा बघावा. फाईल उघडली तर ही भुताटकी. मग मुकाट बंद केली. मी काही टाईप केलं नाही, तुमची शपथ!"

"मान्य. आता ही फाईल तशीच उघड. शनिवारी उघडली होतीस तशी. आणि तशीच बंद कर. समिना, आधी आकार सांग."

"पाच हजार आठशे अठ्ठेचाळीस."

सरांनी फाईल उघडली. चौकोन, फुल्या, उलटीसुलटी चिन्हं पडदाभर पसरली. सर "हेच, हेच ते" म्हणाले, एका शब्दालाही त्यांनी हात लावला नाही, आणि बंद करता करता त्यांच्या दोन बोटांनी दोन कळा दाबल्या. त्यांचं लक्षसुद्धा नव्हतं.

"आता?" बाईंनी विचारलं.

समिनानं पुन्हा आकार पाहिला. "पाच हजार नऊशे एकोणऐंशी," ती म्हणाली.

सरांनी आपल्या बोटांकडे पाहिलं.

"बाई, इंदापूरला आमच्याकडे बारा-बारा तास भारनियमन असायचं," ते म्हणाले. "माझा अर्धा प्रबंध लाइटीनं गिळला. तेव्हापासून सेव्ह केल्याशिवाय मी काही बंदच करत नाही. इथं इन्व्हर्टर आहे, तरी बोटं ऐकत नाहीत." त्यांनी समिनाकडे पाहण्याचा प्रयत्न केला, पण ते जमलं नाही. "मीच बिघडवली. आणि बिघडलेली बघून तुझ्यावर..."

समिनाला वाटलं होतं, असा क्षण आला की आपल्याला भयंकर राग येईल. आलाही. तीन रात्री ती झोपली नव्हती. पण समोरचा माणूस एवढासा होऊन बसला होता, आणि तो आकडा आपल्या डोळ्यांनी बघायला ज्याला बारा वर्षं लागली, तो माणूसही हाच होता. तिनं पेनड्राइव्ह काढून घेतला.

"मला सांगू नकोस, आणि तिलाही एकटीला सांगू नकोस," बाई उठत म्हणाल्या. "आळ तू चारचौघांत घेतलास."

शुक्रवारी अकरा वाजता समिती आली. तीन पाहुणे, मधोमध अध्यक्ष इंद्रजितराव, हातात जाड वही. आसावरी सभेचं इतिवृत्त लिहायला बसली. सरांनी प्रास्ताविकाचा कागद काढला, पुन्हा खिशात ठेवला आणि उभ्याउभ्याच बोलायला लागले.

"आधी दोन गोष्टी. या विहिरीची फाईल शनिवारी बिघडली होती. ती माझ्या हातून बिघडली, चुकून. दुसरी गोष्ट, त्याचा आळ मी या मुलीवर घेतला. तो मात्र चुकून घेतला नाही. ती नवी होती, वयानं लहान होती, तिचं नाव घेणं सोपं होतं, म्हणून घेतला. मी सर्वांसमोर तिची माफी मागतो."

समिनाला वाटलं होतं त्याहून ते ऐकणं अवघड होतं, आणि त्याहून गोडही.

इंद्रजितरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग आज आमच्यापुढे आहेत ते आकडे खरे कशावरून?"

सर खाली बसले. "ते मला सांगता यायचं नाही. ते ती सांगेल."

समिना पुढे झाली. आधी बिघडलेली फाईल दाखवली, मग घरं, मग तेरा आणि दहा. एकशे एकतीस जास्तीची घरं काय सांगतात ते सांगितलं, सारजाकाकींची कपार सांगितली आणि शेवटी आलेख लावला. डावीकडच्या पाहुण्यानं तीन आडवे प्रश्न विचारले. तिन्हींची उत्तरं तिला येत होती. चौथ्या प्रश्नाला ती सरळ "हे माहीत नाही, शोधून सांगते" म्हणाली, आणि मागच्या खुर्चीवर बसलेल्या बाईंनी समाधानानं मान डोलावली.

इंद्रजितरावांनी वही मिटली. "सात गावांचं काम सुरू करू," ते म्हणाले. "प्रत्येक गावात मोजणीयंत्र, आणि सातही फाईली या मुलीकडे. इतिवृत्तात तसं लिहा."

आसावरीनं पेन सरसावलं आणि वर पाहिलं. ती गालात हसत होती. "पूर्ण नाव सांग गं. अहवालात घालायचंय."

समिना तिच्याकडे वळली. "समिना अय्युब तांबोळी," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "मुक्काम इंदापूर."